रंकाळ्याचा श्वास

संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळ्यावर गर्दी होते. शालिनी पॅलेसची छाया पाण्यात उतरते, पाण्याची पातळी घटली असेल तर संध्यामठाचे दगडी खांब उघडे पडलेले असतात, आणि काठावर एखादी आजी नातवाच्या हाती कणकेचे गोळे देत त्याला मासे दाखवीत असते. गोळा पडताच पाणी उसळते. नातू हरखतो, मुक्या जिवाच्या मुखी घास घातल्याचे समाधान आजीला लाभते. या घासामागची जीवदया खरी आहे. परंतु त्या माशाला घासाहूनही अधिक निकड ज्या गोष्टीची असते, ती काठावरून दिसत नाही. ती म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू.

हवेत प्राणवायूचा वाटा सुमारे एकपंचमांश असतो. पाण्यात तो फारच थोडा मावतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, आणि पाणी तापले की त्याहूनही कमी. स्नानयोग्य पाण्यात तो किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. तो २ मिलिग्रॅमच्या खाली गेला, तर अनेक जातींचे मासे तग धरू शकत नाहीत. निरोगी तळे आणि गुदमरलेले तळे यांतील अंतर असे अवघ्या काही मिलिग्रॅमचे आहे.

हे अंतर बहुधा रात्री ओलांडले जाते. पाण्यातील शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते. रात्री मात्र तेही श्वासासाठी तोच प्राणवायू वापरते. त्यातच तळाशी कुजणारा कचरा आपला वाटा मागत असतो. त्यामुळे दुपारनंतर भरलेला साठा पहाटेपर्यंत रिता होत जातो. सकाळी काठाशी मेलेल्या माशांचा खच दिसला की कोणीतरी विष कालवल्याची वदंता उठते. पुष्कळदा विष कोणीच कालवलेले नसते. मासे रात्रीतून गुदमरलेले असतात. संध्याकाळी फिरायला येणाऱ्या माणसाला तळे भेटते, ते त्याच्या बऱ्या वेळी.

हिरव्या पाण्याचे मूळ

दगडाच्या खाणीतून रंकाळा तलाव झाला, असे परंपरा सांगते. शहर वाढत गेले, तसे आसपासच्या वसाहतींचे सांडपाणी नाल्यांवाटे तलावात येऊ लागले. आधी जलपर्णीने, म्हणजे केंदाळाने, पाणी झाकले. पुढे २०१० नंतरच्या काही वर्षांत पाण्याला शेवाळाचा गडद हिरवा रंग चढला. दोन्ही संकटांच्या मुळाशी एकच गोष्ट होती: पाण्याला मिळणारे फाजील खत.

या खतातील कोणता घटक निर्णायक, याचा उलगडा कॅनडातील ओंटारियो प्रांतातल्या एका लहान तळ्याने केला. ‘तळे क्रमांक २२६’ एवढीच त्याची ओळख. मध्यभागी अरुंद असलेल्या या तळ्याचे शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एका पडद्याने दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातले. दुसऱ्यात त्या दोहोंबरोबर स्फुरदही घातले. स्फुरद मिळालेला भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा तसा झाला नाही. शेतकऱ्याच्या ओळखीचे हेच स्फुरद मैलापाण्यातून, काही धुलाईच्या पावडरींतून, निर्माल्यातून, आणि थोड्या प्रमाणात कणकेच्या गोळ्यांतूनही तळ्यात उतरते. अशा पाण्यात माजणाऱ्या नील-हरित शेवाळाच्या काही जाती यकृताला घातक विष सोडतात. ते विष पाणी उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून असे पाणी जनावरांनाही पाजू नये.

तळ्याची वही

रंग पालटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. इटलीचे खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडली. तळ्यांसाठी आज थाळीएवढी, काळ्या-पांढऱ्या चार भागांत रंगवलेली तबकडी वापरतात. ती दिसेनाशी होते तेथे दोरीवरची खूण वाचायची, इतकेच. शेवाळ वाढू लागले की ही खोली घटत जाते, आणि आठवड्यामागून आठवडे केलेल्या नोंदींतून ती घसरण डोळ्यांना दिसण्याआधीच कळते. मात्र जागा तीच हवी, वेळही तीच हवी. एका दिवसाचा आकडा फारसे काही सांगत नाही. वर्षभराची वही पुष्कळ सांगते.

तबकडीच्या जोडीला काही तपासण्या आवश्यक ठरतात. प्राणवायू पहाटे मोजावा, आणि पृष्ठभागाबरोबर तळाशीही मोजावा. नाल्यांच्या तोंडाशी वेगळे नमुने घ्यावेत, म्हणजे दोष कोणत्या दिशेने येतो ते कळते. स्फुरद आणि मैल्यातील जिवाणू यांची तपासणी प्रयोगशाळेकडून करून घ्यावी. पहिल्या पावसानंतरचा नमुना चुकवू नये. उन्हाळाभर रस्त्यांवर साचलेली घाण त्याच पाण्याबरोबर आत येते.

उपायांचाही क्रम आहे. प्रथम नाले अडवून सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवणे. त्यानंतर केंदाळ काढणे. मात्र काढलेले केंदाळ काठावरच कुजत ठेवले, तर त्यातील स्फुरद पावसाबरोबर परत पाण्यात जाते. वर्षानुवर्षे गाळात साठलेले स्फुरदही प्राणवायूच्या अभावी पुन्हा पाण्यात सुटते. म्हणून नाले बंद झाल्यावरही तळे लगेच सुधारत नाही आणि गाळाकडे लक्ष द्यावे लागते. नैनितालच्या तलावात २००७ पासून यंत्रांनी खोल पाण्यात हवा सोडली जाऊ लागली. असा आधार रुग्णाला लावलेल्या प्राणवायूच्या नळीसारखा असतो. आजार मुळातून दूर करणे बाकीच राहते. मोरचूद टाकून शेवाळ एकाएकी मारण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू खाते, आणि त्यात माशांचाच बळी जातो.

नाले वळवणे हे प्रशासनाचे काम. त्याचा पाठपुरावा नागरिकांचा. कोल्हापूरने मूर्तिदान आणि निर्माल्यदान ही रीत आपलीशी करून आपला वाटा उचलण्याची तयारी दाखवली आहे. त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल लहानसे आहे. आजीने कणकेचे गोळे घरी ठेवावेत, आणि रविवारी जरा लवकर नातवाला घेऊन काठावर यावे. नातवाने कोणा मोठ्या माणसाच्या मदतीने तबकडी पाण्यात सोडावी, ती दिसेनाशी होताच दोरीवरची खूण मोजावी, आणि आजीने तो आकडा तारखेसह वहीत लिहावा. पुढल्या रविवारी तेथेच, त्याच वेळी, पुन्हा.