घराभोवतीचा खचलेला कोबा

काळ्या जमिनीच्या गावांतून अनेक नव्या घरांच्या जोत्याभोवतीचा काँक्रीटचा कोबा दोन-तीन वर्षांतच भिंतीकडे कललेला आढळतो. असा कोबा पागोळ्यांचे पाणी अंगणात न लोटता थेट पायाशी नेतो. पायाखालची माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि अखेर भिंतीला तडा जातो. म्हणून ही दुरुस्ती केवळ शोभेची समजू नये.

दोष बहुधा काँक्रीटचा नसतो, खालच्या भरावाचा असतो. पायाचा चर भिंतीपेक्षा रुंद खणतात. भिंत उभी राहिल्यावर उरलेल्या जागेत तीच काळी माती व विटांचे तुकडे लोटून देतात आणि धुमस चालविण्याचा कंटाळा करतात. हा सैल भराव पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत बसतो व कोब्याची भिंतीकडील कड खाली जाते. मोरीचे पाणी तेथेच मुरत असेल, तर नुकसान लवकर होते.

कोब्यावर घागरभर पाणी ओतून ते कोणीकडे वाहते हे पाहावे. पहारेच्या टोकाने ठोकून पोकळ आवाज येतो तेथे खूण करावी. पुष्कळ जण खोलगट भागावर सिमेंटचा पातळ थर देऊन मोकळे होतात. हा खर्च व्यर्थ होय. थर सुटतो आणि खालची पोकळी तशीच राहते. प्रथम मोरीचे पाणी नळीने शोषखड्ड्यात वा परसबागेत दूर न्यावे. पावसाळा सरून जमीन वाफशावर आली म्हणजे कामास हात घालावा. भेगाळलेल्या उन्हाळी जमिनीवर केलेला कोबा पुढील पावसात उचलला जाण्याचा संभव असतो.

तुकडा अखंड असेल तर तो पहारेने उचलून बसविता येतो. मात्र एक मीटर लांबरुंद व दहा सेंटिमीटर जाड तुकड्याचे वजन सुमारे २४० किलो भरते. चार माणसे लावावीत, उचललेल्या कडेखाली लगेच दगडाचा टेकू द्यावा आणि खाली हात मुळीच घालू नये. तडकलेला कोबा फोडून काढणेच बरे.

भरावातील सैल काळी माती काढून टाकावी. तिच्या जागी वाळू भरणे सोपे वाटते. पण वाळूत साठलेले पाणी खालच्या काळ्या मातीला फुगवीत राहते. चांगला मुरूम पंधरा सेंटिमीटरच्या थरांनी घालावा, बेताचे पाणी शिंपडावे व धुमस उसळू लागेपर्यंत प्रत्येक थर चोपावा. सारे काम या चोपण्यावर अवलंबून आहे. येथे मजुरी वाचविणाऱ्यास तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागते.

वर सिमेंट, वाळू व खडी १:२:४ या प्रमाणात मिसळून दहा सेंटिमीटर काँक्रीट घालावे. दर मीटर रुंदीस दोन ते अडीच सेंटिमीटर उतार भिंतीपासून बाहेर ठेवावा. सलग पट्टा न करता एक ते दीड मीटरचे तुकडे पाडावेत. भिंत व कोबा यांमध्ये बोटभर फट सोडून ती डांबर व वाळूने बुजवावी, म्हणजे कोबा हलला तरी भिंतीस ओढ बसत नाही. ओली पोती घालून कोबा निदान सात दिवस भिजत ठेवावा. राख मिसळलेले सिमेंट असेल तर दहा दिवस.