जुन्या वस्तूंचा धंदा, घराच्या संमतीने

कोल्हापूरच्या आसपास वाटण्या झाल्या, जुने वाडे उतरले की माळ्यावरची घंगाळी, समया, पानाचे डबे बाहेर निघतात. ती घेऊन विकण्याचा लहानसा धंदा घर सांभाळून करता येतो. मात्र आधी घरातल्यांची संमती हवी.

पुण्याचे दिनकर केळकर चष्म्याचे दुकान चालवून जुन्या वस्तू जमवीत. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि १९७५ साली ते सरकारच्या स्वाधीन केले.

धंद्याची वही आणि घरखर्चाची वही वेगळी ठेवावी. सासूबाईंची समई, सुनेच्या माहेरचा हंडा ज्याचा त्याला विचारल्याशिवाय गिऱ्हाईकापुढे मांडू नये. अडल्यानडल्याची वस्तू मोडीच्या भावात घेऊ नये. उद्या त्याच गावात आपल्याला तोंड दाखवायचे असते. आणखी एक: १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या मूर्ती व कलावस्तू विकण्याच्या धंद्याला परवाना लागतो.

हंड्याचे पैसे महिन्यात संपतात. न विचारता विकल्याची रुखरुख मात्र घरात वर्षानुवर्षे राहते.