अंगावरील चट्ट्याची पाहणी

मिरजगाव व कर्जत तालुक्यातील इतर गावांच्या शेतकरी बंधूंस फोनने छायाचित्र घेणे आता नवे राहिलेले नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ज्वारी-तुरीचा फोटो आपणच काढून सातबाऱ्यावर पीक नोंदवू लागलो. पूर्वी हे काम तलाठ्याचे असे. स्वतःच्या त्वचेची अशी पाहणी मात्र सहसा कोणी करीत नाही.

आमचा रोख कुष्ठरोगाच्या चट्ट्याकडे आहे. तो फिकट अथवा तांबूस असतो. बहुधा खाजत नाही, दुखतही नाही. म्हणून सुगी आटोपेपर्यंत त्याकडे लक्ष जात नाही. रोग इतका संथ की जंतूचा शिरकाव झाल्यापासून लक्षणे दिसण्यास सरासरी ५ वर्षे लागतात. मागील महिन्यात चट्टा केवढा होता, हे कोणास आठवणार? येथे तारखेचे छायाचित्र दप्तरातील नोंदीप्रमाणे उपयोगी पडते.

ते दिवसाच्या उजेडात, परंतु सावलीत घ्यावे. दर खेपेस अंतर तेच ठेवावे व चट्ट्याशेजारी मुलांची मोजपट्टी धरावी. चेहरा नितळ दाखविण्याची जी सोय काही फोनांत असते ती बंद करावी, नाही तर जे पाहावयाचे तेच पुसले जाईल.

परंतु बधिरता फोटोत उतरत नाही. पिकाच्या चित्रावरून पीक ओळखता येते, जमिनीचा कस नव्हे; तसेच हे. डोळे मिटून घेऊन दुसऱ्याकडून चट्ट्यावर पेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करवावा. स्पर्श समजला नाही, तर पुढील महिन्याच्या फोटोची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. बधिर पायात काटा रुतलेला कळत नाही, आणि अनवाणी पाणी देणाऱ्याचा पाय त्यातूनच सडतो. औषध शासनाकडून विनामूल्य मिळते. रोगाच्या प्रकारानुसार ते ६ किंवा १२ महिने घ्यावे लागते.

उपचार चालू असताही चित्रे घेत राहावी. रोग बरा झाल्यावरही चट्टा पुष्कळ दिवस राहू शकतो. तेवढ्याने औषध लागू पडले नाही असे समजू नये. मात्र तो एकाएकी लाल होऊन सुजला, किंवा कोपराजवळची शीर दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे.

ही चित्रे गावाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकू नयेत. या रोगाच्या नावाने घरे मोडली आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचे कारण होता, आणि २०१९ मध्ये ती तरतूद काढून टाकण्यात आली. कायदा बदलला तरी सोयरिकीच्या बैठकीतील कुजबूज थांबलेली नाही. तेव्हा चित्र डॉक्टरांखेरीज कोणास दाखवावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यात चेहरा येऊ देऊ नये.