सहा किलोमीटरचा कप्पा

महाबळेश्वरात वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की हाच आकडा हजाराच्या आत. आता हवामानाच्या अंदाजाचं गणित बघा. त्यासाठी पृथ्वीचे कप्पे पाडतात आणि प्रत्येक कप्प्याला एकच पाऊस, एकच तापमान, डोंगराचीही एकच सरासरी उंची मिळते. हे गणित मांडणारं आपल्याकडचं जागतिक प्रारूप बरीच वर्षं 12 किलोमीटरच्या कप्प्यांवर चाललं. एवढ्या ढोबळ सरासरीत सह्याद्रीचा कडाच बोथट होतो, मग घाटमाथा आणि देश यांतला फरक कुठून दिसणार?

26 मे 2025 रोजी दाखल झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’नं कप्पा 6 किलोमीटरवर आणला. ऐकायला निम्मं, पण लांबी-रुंदी दोन्ही निम्मी झाल्यानं कप्पे चौपट होतात. शिवाय लहान कप्पा वारा लवकर ओलांडतो, म्हणून गणितही दुप्पट वेळा करावं लागतं. काम साधारण आठपट! आणि उद्याचा अंदाज परवा हाती येऊन काय उपयोग? महासंगणक लागतो तो इथं.

हे प्रारूप पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं घडवलं. तिथं 2018 मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला, 4 पेटाफ्लॉप्सचा. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी आकडेमोड. सप्टेंबर 2024 मध्ये त्याच्या जोडीला 11.77 पेटाफ्लॉप्सचा ‘अर्क’ आला. नोएडाला ‘अरुणिका’, 8.24चा. ही दोन्ही नवी यंत्रं फ्रेंच कंपनीची, प्रारूप आपलं. स्वदेशीचा गजर करताना हा तपशील हळूच गाळला जातो. खरं तर महासंगणक बांधण्याचा पुण्याचा वारसा जुना. 1988 मध्ये इथं सी-डॅक ही संगणन संस्था उभी राहिली आणि 1991 मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम 8000’ तयार झाला.

ऑक्टोबर 2024 पासून ग्रामपंचायतनिहाय अंदाज ‘मेरी पंचायत’ ॲपवर मिळू लागला आहे. पण 6 किलोमीटरच्या कप्प्यात अनेकदा चार-पाच गावं सहज येतात. त्यांना एकाच गणितातून आलेला आकडा गावाचं नाव लावून मिळत असेल, तर पेरणीच्या तोंडावर हे शेतकऱ्याला ॲपवरच स्पष्ट सांगितलेलं बरं.