रिमोटला यूएसबी चार्जिंग

रेडिओ नियंत्रित विमाने, गाड्या आणि ड्रोन चालवण्याच्या अनेक रिमोटमध्ये आजही चार पेन्सिल सेल घालावे लागतात. त्यांच्या जागी लिथियम-आयन बॅटरी आणि चार्जिंग मॉड्यूल बसवता येते.

एक सेल : पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. यूएसबीचे ५ व्होल्ट त्याला पुरतात. 'टीपी ४०५६' चिपचे मॉड्यूल आधी स्थिर प्रवाह, मग स्थिर दाब देते आणि प्रवाह ठरवलेल्या मूल्याच्या दहाव्या हिश्श्यावर आला की थांबते. १.२ किलोओहमच्या रोधकाने प्रवाह सुमारे १ अँपिअर ठरतो. लहान सेलसाठी रोधक मोठा लावतात. रिमोटला जास्त दाब हवा असल्यास बूस्ट कन्व्हर्टर जोडावा लागतो.

दोन सेल एकामागे एक : यांना ८.४ व्होल्ट लागतात. त्यामुळे ५ व्होल्टचा दाब वाढवणारे, दोन सेलसाठीचे खास चार्जर आणि दोन्ही सेल समान पातळीवर ठेवणारे बॅलन्सिंग सर्किट आवश्यक असते. रिमोटला ८.४ व्होल्ट सोसतात का, हे आधी तपासावे लागते.

यूएसबी-सी सॉकेट : त्याच्या दोन्ही सीसी पिनांपासून ग्राउंडपर्यंत प्रत्येकी ५.१ किलोओहमचा रोधक नसेल, तर सी-टू-सी केबलमधून वीज येत नाही.

सुरक्षितता : अतिचार्ज, अतिडिस्चार्ज आणि शॉर्टसर्किट रोखणारे संरक्षक सर्किट हवेच. साध्या मॉड्यूलवर चार्जिंग करताना रिमोट बंद ठेवतात. चालू रिमोटने ओढलेल्या प्रवाहामुळे चार्जिंग पूर्ण झाल्याचे चिपला नीट ओळखता येत नाही.