चिकटवलेला सांगाडा आणि धडकेचे गणित

फ्रँकफर्टच्या १९९५ च्या मोटार प्रदर्शनात ब्रिटनच्या ‘लोटस’ कंपनीने ‘एलिझ’ ही उघड्या टपाची दोन आसनी मोटार मांडली. कंपनीचे तत्कालीन प्रमुख रोमानो आर्तिओली यांच्या नातीचे, एलिसाचे, नाव तिला मिळाले. इंजिन आसनांच्या मागे, पण मागील चाकांच्या पुढे. वजन जेमतेम सव्वासातशे किलो. इतकी हलकी गाडी धडकेत टिकेल कशी, हा प्रश्न तेव्हा स्वाभाविक होता आणि गाडीच्या अखेरपर्यंत तो तिची पाठ सोडणार नव्हता.

हलकेपणाचे मूळ सांगाड्यात होते. साच्यातून दाबून काढलेल्या ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या वितळजोडाने न जोडता इपॉक्सी या चिकटद्रव्याने जोडण्यात आल्या. वितळजोडाच्या उष्णतेने ॲल्युमिनियमची मिश्रधातू जोडाजवळ दुबळी होते. ती उणीव भरून काढण्यासाठी पट्ट्या जाड घ्याव्या लागतात. चिकटद्रव्याने ही अडचण टळली आणि संपूर्ण सांगाडा सुमारे ६८ किलोत बसला.

मात्र चिकटद्रव्याचा एक दोष आहे. पाकिटावरचे तिकीट बोटाने सरकवू गेल्यास हलत नाही, पण कोपरा उचलला की सहज सोलून निघते. इपॉक्सीचेही तसेच. सरकविणाऱ्या बळाला ते खंबीरपणे तोंड देते, सोलणाऱ्या बळापुढे हार मानते. आणि अपघातात धातू वाकतो तेव्हा नेमके सोलणारे बळ उद्भवते. म्हणून मोक्याच्या जोडांवर धातूच्या खिळ्या ठोकण्यात आल्या. नित्याचा भार चिकटद्रव्याने वाहावा आणि धडकेच्या क्षणी खिळ्यांनी जोड धरून ठेवावा, अशी ही वाटणी.

पुढच्या भागात इंजिन नसल्याने तिथे काचतंतूयुक्त प्लॅस्टिकची, चुरडण्यासाठीच घडवलेली पेटी बसविता आली. तिचे काम वेळ मिळवून देण्याचे. ताशी ५६ किलोमीटर वेगाची गाडी ६० सेंटिमीटर अंतरात थांबली, तर प्रवाशाला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी वीसपट मंदन सोसावे लागते. अंतर निम्मे झाले की हाच आकडा दुप्पट होतो. उघड्या टपाच्या गाडीला छताचा आधार नसतो. त्यामुळे गाडी उलटल्यास डोके वाचावे यासाठी आसनांमागे पोलादी कमान दिलेली होती.

भिंतीवरच्या धडकेत हलकेपणा हिताचाच ठरतो, कारण जिरवायची ऊर्जाच कमी असते. रस्त्यावर मात्र भिंती क्वचित आणि जड गाड्या फार. ७२५ किलोची गाडी दुप्पट वजनाच्या गाडीवर समोरून आदळली आणि दोघींचा वेग ताशी ५० किलोमीटर असला, तर एकमेकींत रुतून त्या ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगाने जड गाडीच्या दिशेने सरकतील. म्हणजे जड गाडीच्या वेगात ३३ किलोमीटरचा फरक, हलकीच्या वेगात ६७ चा. सांगाडा कितीही कुशलतेने घडवला तरी हे गणित बदलत नाही.

युरोपातील नव्या अपघातविषयक नियमांसाठी २००० साली गाडीची दुसरी आवृत्ती आली. खरी कसोटी अमेरिकेत लागली. एअरबॅगच्या जोरदार फुगण्याने तिथे लहान मुले आणि ठेंगण्या चणीच्या व्यक्ती दगावल्या होत्या. त्यामुळे आसनावर कोण बसले आहे हे ओळखून जोर कमी करणाऱ्या किंवा फुगणेच रोखणाऱ्या ‘प्रगत’ एअरबॅगची सक्ती झाली. छोट्या उत्पादकांना ती २००६ च्या सप्टेंबरपासून लागू होणार होती. अशी यंत्रणा विकसित करण्याचा खर्च लाखो गाड्यांवर विभागला तर नगण्य, काही हजारांवर विभागला तर डोईजड. आर्थिक अडचणीच्या कारणावरून लोटसला तात्पुरती सूट मिळाली. गाडीत साध्या एअरबॅग होत्याच, आणि सुटीची सूचना देणारी पट्टी गाडीवर लावणे बंधनकारक होते.

या सवलतीवर आक्षेप घेण्यास जागा होती. चार आसनी गाडीत मुलाला मागे बसविता येते. एलिझमध्ये मागची आसनेच नाहीत. मूल बसले तर एअरबॅगसमोरच बसणार. छंदाची गाडी म्हणून ती थोडीच वापरली जाते, हा युक्तिवाद विक्रीच्या आकड्यांपुरता पटतो, त्या एका आसनापुरता नाही.

वाढवून दिलेली सूट २०११ च्या ऑगस्टमध्ये संपली आणि रस्त्यावर चालविण्याजोग्या एलिझची अमेरिकेतील विक्री थांबली. अन्यत्र तिचे उत्पादन २०२१ पर्यंत चालू राहिले.