कण्यात सळ्या असताना बाळंतपण

स्कोलिओसिससाठी, म्हणजे कणा बाजूला वाकण्याच्या विकारासाठी, किशोरवयात सळ्या-स्क्रू बसवून मणके जोडून घेतलेल्या मुलीच्या घरी लग्नाची बोलणी निघाली की धास्ती असते: हिला मूल होईल ना? होतं. सळ्या आणि स्क्रू कण्याला असतात, गर्भाशयाला नव्हे. निव्वळ या शस्त्रक्रियेपायी सिझेरियनही करावं लागत नाही.

खरा पेच भुलीचा. कळांच्या वेदना कमी करणाऱ्या एपिड्युरल भुलीची सुई बहुधा कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधून जाते. जोड छातीच्या मणक्यांपुरता असेल तर ही जागा मोकळी असते. तो कमरेत खालपर्यंत उतरला असेल तर सुईला वाट मिळणं कठीण. मिळाली तरी आतल्या व्रणांमुळे औषध नीट पसरत नाही, एकच बाजू बधिर होऊ शकते. म्हणून भूलतज्ज्ञांना कळा सुरू होण्याची वाट न पाहता, सातव्या-आठव्या महिन्यातच भेटावं. सोबत शस्त्रक्रियेची कागदपत्रं आणि जुने एक्स-रे हवेतच. माहेरच्या कपाटातली ती फाईल आधीच शोधून ठेवा. गरोदरपणात नवा एक्स-रे शक्यतो टाळतात.

शस्त्रक्रिया अलीकडची असेल, तर हाड पक्कं जुळेपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, गरोदर राहण्यासाठी थांबण्याचा सल्ला सर्जन सहसा देतात. छातीचा बाक मोठा राहिला असल्यास फुप्फुसांची क्षमताही तपासून घ्यावी.